उष्टावणाचं शूटिंग

१८ जानेवारी, रविवार

कॅमेरा आणला. शूटिंगचा, मुठीत मावणारा, बाजूला पट्टा असलेला. वाशीच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, हा आता कोण घेतं? चांगला मोबाईल घ्या." मी त्याला अंगठा दाखवला. सगळी उमर मार्केटात कांद्याची पोती उचलली, बोटांवरच्या रेघा गेल्या. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. मोबाईलच्या काचेला माझं बोट लागलं काय अन् लाकूड लागलं काय, तिला सारखंच. मला दाबलं की दबणारं बटण पाहिजे. त्याने मागच्या कपाटातून खोकं काढून, धूळ पुसून दिलं. आत माल नवाकोरा होता.

घरी आल्यावर यशराज म्हणाला, "अण्णा, एवढं काय अडलं होतं?"

पोराला काय सांगायचं. अडलं ते असं, की नात जन्मली ती खारघरला, तेजश्रीच्या माहेरी, आणि चार महिने तिथेच होती. तिचं पहिलं हसणं, पालथं पडणं, आंघोळ, शिंक, सगळं व्याह्यांनी, म्हणजे आमच्या पाव्हण्यांनी, मोबाईलवर काढून ठेवलंय. प्रत्येकात त्यांचा आवाज, "क्षिप्रा, आजोबांकडे बघ." उद्या पोरगी मोठी होऊन हे बघणार आणि म्हणणार, मला एकच आजोबा होता. नावसुद्धा त्यांनीच काढलेलं. नदी आहे म्हणे. मला माझ्या आईचं नाव पाहिजे होतं, बाळाबाई. कोणी ऐकलं नाही. आम्ही दोघंच असलो की मी तिला बाळाबाई म्हणतो. ती ओ देते असं मला वाटतं.

१९ जानेवारी, सोमवार

दिवसभर कॅमेरा हातातच होता. वजनाला हलका, पण पट्ट्यात हात घातला की धरल्यासारखा वाटतो. छोटा पडदा बाजूला उघडतो, दाराच्या फळीसारखा. पुढची कळ ओढली की लांबचं जवळ येतं. गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या कुंडीतली मिरची दिसली, पिकलेली. आमची बायको, गोजरा, म्हणाली, "लोकांच्या घरात बगू नका, मार खाल."

तिचंच शूटिंग केलं, मेथी निवडताना. तिने पदर डोक्यावर घेतला आणि गप्पच बसली. म्हटलं, काहीतरी बोल. म्हणाली, "काय बोलू? रोज बोलते तवा ऐकता का?"

बाळाबाई कॅमेऱ्याच्या काचेला हात लावायला बघते. पाव्हण्यांच्या मोबाईलकडे ती असं बघत नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

२२ जानेवारी, गुरुवार

खारघरहून फोन. पोरीला सातवा लागलाय, रविवारी उष्टावण करू. मी म्हटलं, आमच्या घरी करायचं. पाव्हणे लगेच हो म्हणाले. त्यांना हो म्हणायला काय जातंय? घर माझं, पाट माझा, खीर गोजराची आणि घास भरवणार ते. आईच्या वडिलांचा नाहीतर मामाचा मान. मामा, निशांत, तिकडे कॅनडात. म्हणजे पाव्हणेच.

गोजराला विचारलं, बापाच्या बापाचा कसलाच मान नाही का? जावळ काढताना मांडी मामाची, पहिला घास आईच्या बापाचा, पाळणा त्यांचा. ती म्हणाली, "आडनाव तुमचं हाय की." आडनाव काय मांडीवर घेता येतं?

मग सुचलं. मान त्यांचा असू दे, शूटिंग माझं. ते कसे दिसणार ते माझ्या हातात.

२५ जानेवारी, रविवार

उष्टावण झालं.

सकाळपासून बॅटरी भरली का म्हणून पुन्हा पुन्हा बघितलं. पाव्हणे आणि विहीणबाई, अरुणाताई, दहाच्या सुमारास आले. पाव्हण्यांनी क्रीम रंगाचा नवा झब्बा घातला होता. सरकारी कचेरीत आयुष्य गेलं, अजून कपड्याची घडी मोडत नाही. मी आपला निळा सदरा.

सगळ्यांनी मोबाईल बाहेर काढले, तेव्हा मी सांगितलं, मोबाईल खिशात ठेवा, मध्ये मध्ये हात येतात, मी एकदाच नीट काढतो, मग सगळ्यांना देतो. यशराज कुरकुरला. पण पाव्हणे म्हणाले, "हौसेराव बरोबर बोलतायत. एवढा कॅमेरा आणलाय त्यांनी. निशांतलाही नीट बघायला मिळेल." सगळ्यांनी ऐकलं. माझं असं कोणी ऐकल्याला बरीच वर्षं झाली.

क्षिप्राला त्यांनी मांडीवर घेतलं. तेजश्री शेजारी बसली. गोजराने ओवाळलं. मी बटण दाबलं, पडद्यावर हिरवी अक्षरं आली, म्हटलं चालू झालं. पाव्हण्यांनी बोटातली अंगठी काढून खिरीत बुडवली आणि तिच्या ओठाला लावली. तिने जीभ बाहेर काढली. चाटली. थांबली. आणि हसली. त्यांच्याकडे बघून, तोंडभर.

चष्मा वर सरकवून त्यांनी डोळे पुसले. मी ते सगळं जवळ ओढून घेतलं.

ती माझ्याकडेही हसते. पण असं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

२७ जानेवारी, मंगळवार

कॅमेऱ्यात उष्टावण नाही.

सगळे बाहेर गेल्यावर निवांत बघावं म्हणून लावलं. गोजराची मेथी आहे, मिरची आहे. मग रविवार. माझ्या चपला. फरशी. पाटाची कड. अरुणाताईंचा आवाज, "रांगोळीवर पाय पडेल." माझा गुडघा. मग एकदम पंखा, बराच वेळ पंखा, आणि लोक जेवताना भांड्यांचे आवाज. मधलं काहीच नाही.

शेवटी कळलं काय झालं ते. कॅमेरा हातात अडकवतानाच बटण दाबलं गेलं असणार. घास भरवायच्या वेळी मी पुन्हा दाबलं, ते बंद झालं. हिरवं आलं म्हणजे सुरू, असं मला वाटलं. हिरवं म्हणजे थांबलेला, लाल म्हणजे चालू, असं त्याचं उलटं आहे. सिग्नलला हिरवा लागल्यावर गाडी हलते, तर यालाच काय झालं?

आता खरं लिहितो. बंद करून कॅमेरा खाली ठेवला, तेव्हा आधी मला बरं वाटलं. त्यांचं ते हसणं कुठेच राहिलं नाही, असं वाटलं. मग आठवलं. यशराजकडे दोन फोटो आहेत, एकात पोरीचे डोळे मिटलेले आणि दुसऱ्यात नुसतं ओवाळणं. म्हणजे काहीच नाही. आणि मोबाईल खिशात ठेवायला मी लावले.

मुद्दाम केलं म्हणतील. तेजश्री तर नक्की.

१ फेब्रुवारी, रविवार

पाव्हण्यांचा रोज फोन. "हौसेराव, फिल्म झाली का?" मी म्हटलं, कॉम्प्युटरवर घ्यायची आहे, वेळ लागतो. त्यांना एवढी घाई कशाला? म्हणाले, "निशांतने तीनदा विचारलं हो. एरवी तो कुठे काही विचारतो." यात एवढं खुश होण्यासारखं काय आहे?

उद्यापासून तेजश्री कामावर. पोरगी एक आठवडा खारघरला, एक आठवडा आमच्याकडे, असा महिना काढायचा आणि मग ती ठरवणार, कायमची दिवसा कोणाकडे ठेवायची. पहिला आठवडा खारघर. का, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर फिल्मवर गाडी आली असती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आमचं खांदेश्वरचं घर कसं सुनं झालंय. दोरीवर एक लंगोट नाही. पाव्हण्यांचे व्हिडिओ मात्र येतात. आज पोरगी चमचा वाजवते तो आला. गोजराने चार वेळा बघितला. म्हटलं, बॅटरी संपव. म्हणाली, "जळतंय कुटं, वास येतोय."

न राहवून दुपारी खारघरला गेलो. पाव्हण्यांच्या खांद्यावर पोरगी झोपलेली. ते हॉलमध्ये उभे, हात अवघडलेला, घाम आलेला. मी म्हटलं, मला द्या. म्हणाले, "नको, आत्ताच डोळा लागलाय." मी म्हटलं, उभं धरून झोपवायची सवय लावताय, आम्हाला पुढे त्रास. ते म्हणाले, "तुम्ही हलवून हलवून झोपवता, ते बरं नाही, डॉक्टर सांगतात." मी म्हटलं, यशराजला मी हलवूनच झोपवलं, काही बिघडलं नाही त्याचं. अरुणाताई म्हणाल्या, "हळू बोला दोघं." तोवर पोरगी उठली आणि रडायला लागली. ते ओढतात, मी ओढतो. टोपी माझ्या हातात राहिली.

तेवढ्यात दारात तेजश्री. लवकर सुटली होती. तिने पोरीला घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "पप्पा, अण्णा, तुमची ही रस्सीखेच मला नाही बघवत. ऑफिसच्या शेजारी पाळणाघर आहे. एक मार्चपर्यंत असंच चाललं तर तिथे टाकते. मला कामावर बसून टेन्शन नको."

येताना पाव्हणे लिफ्टपर्यंत आले.

पाळणाघर. परक्या बाईच्या हातात. सगळी चूक त्यांची.

९ फेब्रुवारी, सोमवार

पोरगी आमच्याकडे. साडेअकराला बेल वाजली, बघतो तर पाव्हणे. म्हणाले, "स्टेशनवर काम होतं, म्हटलं डोकावून जावं." खांदेश्वर स्टेशनवर यांचं काय काम? हातात तिचा चमचा होता, विसरला होता म्हणे. आमच्याकडे चमचे नाहीत का?

बसले, बसले, बसलेच. गोजराने जेवायला वाढलं. पोरगी माझ्या मांडीवर होती आणि ते समोरून बघत होते. त्यांची ती नजर मला ओळखीची वाटली, पण कुठे बघितली ते आठवेना.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ते आज पुन्हा आले. गोजरा आत पोरीला तेल लावत होती. पाव्हणे म्हणाले, "रविवारी निशांत व्हिडिओ कॉल करणार आहे. म्हटलं, तेव्हाच दाखवू फिल्म."

माझ्याने पुढे रेटवेना. म्हटलं, पाव्हणं, फिल्म नाही. उलटं बटण दाबलं. पंखा आलाय नुसता.

त्यांनी कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग विचारलं, "थोडंसुद्धा नाही?" म्हटलं, तुमच्या झब्ब्याची कड आहे.

"मुद्दाम नाही ना केलंत?"

मी म्हटलं, आईशपथ नाही. पण झाल्यावर जरा बरं वाटलं होतं, तेही सांगतो. हे का बोललो कोण जाणे. मला वाटलं, आता उठून जातील. ते म्हणाले, "पोरगी तुमच्याकडे राहायला आली ना, तेव्हा पहिल्या दिवशी मी अरुणाला म्हटलं होतं, बघ, रात्री रडेल आणि बोलावतील आपल्याला. फोन उशाला घेऊन झोपलो. नाही रडली. मला वाईट वाटलं." आणि हसले.

मग त्यांनीच सुचवलं. "पुन्हा करू. उद्या. पोरं ऑफिसात असतील. कोणाला कळणार आहे?"

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पाव्हणे तो क्रीम झब्बा पिशवीत घालून आले. आमच्या मोरीत बदलला. यशराजने काढलेला ओवाळण्याचा फोटो समोर ठेवून गोजराने पाट तिथेच मांडला, रांगोळी तशीच काढली. खीर परत केली. म्हणाली, "दोन म्हातारी माणसं, आन् अक्कल एका पोराची बी न्हाई." पण वेलदोडा घालायला विसरली नाही.

या वेळी मी लाल अक्षरं बघून घेतली. पाव्हण्यांनी अंगठीने खीर लावली. पोरीने तोंड फिरवलं. आता तिला रोज वरणभात मिळतो, तिला कसलं कौतुक. दुसऱ्यांदा फिरवलं. झब्ब्यावर खीर सांडली. पाव्हण्यांचा चेहरा उतरला. मी कॅमेऱ्याच्या मागून म्हटलं, "बाळाबाई, आ कर." तिने केला. घास गेला. हसलीसुद्धा, पहिल्यासारखी नाही, पण हसली.

मी बंद करणार, तर पाव्हणे म्हणाले, "या इकडे. तुम्हीही एक भरवा."

मी म्हटलं, तुमचा मान आहे.

"मान झाला माझा. आणा तो कॅमेरा." त्यांनी माझ्या हातातून घेतला. मी पाटावर बसलो. अंगठी माझ्या बोटात जाईना, म्हणून बोटानेच भरवलं. माझं बोट तिने हिरड्यांत धरलं आणि सोडेना. दगडासारखं बोट, पण तिचं तोंड किती ऊन आहे ते मला कळलं.

नंतर तिघांनी मिळून बघितलं. फारच छान आलंय. आधी ते भरवतात, मग मी भरवतो. कुठे काही अडत नाही. पाव्हणे म्हणाले, "उत्तम. निशांतला दाखवूच, पण या रविवारी घाई नको. महिनाअखेरीला सगळे मिळून बघू, तेव्हाच." गोजरा म्हणाली, "पुन्यांदा बगा. नीट बगा." आम्ही पुन्हा बघितलं. नीटच होतं. तिला उगाच खोड काढायची सवय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फिल्म रोज बघतो. माझाच भाग जास्त वेळ चालतो, हे मला बरं वाटतं. पाव्हण्यांचा हात हलतो, त्यामुळे मी मधूनच कपाळापर्यंत कापला गेलोय. त्यांना धरता येत नाही. तरी पोरगी माझं बोट धरते ते पूर्ण आलंय.

या आठवड्यात ती खारघरला. फोन करून विचारलं, काय खाल्लं. पाव्हण्यांनी सगळं सांगितलं, न विचारलेलंही. एवढं भरभरून सांगायचं कारण काय? आमच्या घरी ती पेजेला तोंड फिरवते, तिकडे वाटीभर खाते म्हणे.

१ मार्च, रविवार

आज सगळे आमच्याकडे. यशराजने कॅमेरा टीव्हीला जोडला. निशांत मोबाईलमधून बघत होता, त्याला स्टुलावर उभा केला होता. मी आणि पाव्हणे सोफ्यावर शेजारी शेजारी. तेजश्रीच्या पर्समध्ये पाळणाघराचा कागद आहे, हे सकाळीच तिने सांगितलं होतं. रात्री भरणार म्हणाली.

पाव्हण्यांचा घास झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निशांत म्हणाला, "पप्पा, तुमचा चेहरा बघा." पाव्हण्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मग माझा घास आला. मी जरा सरळ बसलो.

तेजश्रीने रिमोट दाबला. पोरगी माझं बोट धरून थांबली.

"अण्णा, हे तुम्ही भरवताय."

"हो," मी म्हटलं. तिने नेमकं तेच बघितलं म्हणून मला बरंच वाटलं.

"मग शूटिंग कोण करतंय?"

अरुणाताईंनी पाव्हण्यांकडे बघितलं. पाव्हणे चष्मा पुसायला लागले.

"आणि मी कुठेय? मी तिच्या शेजारी बसले होते."

आमच्या दोघांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. गोजरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "नीट बगा म्हटलं हुतं."

पाव्हणे म्हणाले, "तेजू, त्या दिवशी कॅमेऱ्यात जरा बिघाड—"

"बिघाड नव्हता," मी म्हटलं. "मी बटण उलटं दाबलं. पाव्हण्यांनी झाकून घेतलं."

"पुन्हा करायची कल्पना माझी होती," पाव्हणे म्हणाले.

"खीर पण परत केली?" तेजश्रीने विचारलं.

"वेलदोडा घालून," गोजरा म्हणाली.

तेजश्री हसायला लागली. हसता हसता खाली बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघांनी? मिळून? ठरवून?" हे तिने तीन वेळा विचारलं. आमच्या खोटेपणावर रागावेल असं वाटलं होतं. मिळून केलं यात तिला एवढं काय नवल वाटलं, ते मला अजून कळलेलं नाही. मोबाईलमधून निशांत म्हणत होता, "पप्पा, पुन्हा लावा ना, परत बघू."

जेवताना तिने सांगितलं, पाळणाघरवाल्या बाईंना महिनाभर थांबायला सांगते. पोरगी खांदेश्वरला राहील, पण पाव्हण्यांनीही रोज इथे यायचं. दोघांनी मिळून सांभाळायचं. वाद झाला तर कागद पर्समध्येच आहे.

पोरगी माझ्या घरी आली. जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण हे रोज येणार.

२ मार्च, सोमवार

पाव्हणे नऊच्या आधीच हजर. स्वतःचा कप घेऊन आले. खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत बसले आणि मग विचारलं, "इथे बसू का?" बसल्यावर विचारतात.

दुपारी पोरगी त्यांच्या खांद्यावर झोपली. मी बाजूलाच घुटमळत होतो. थोड्या वेळाने म्हणाले, "हौसेराव, हात बधिर झाला. घ्या तुम्ही." मी सोफ्यावर त्यांना चिकटून बसलो आणि हळूच तिला माझ्याकडे वळवून घेतलं. जागी झाली नाही. डोकं माझ्या छातीवर टेकलं, श्वास एकसारखा.

पण तिच्या मुठीत त्यांच्या शर्टाची बाही अडकलेली होती. ते उठायला गेले तर ओढ बसली आणि तिने कपाळाला आठी घातली. मी म्हटलं, "बसा तसेच." ते बसले. बोलायचीही सोय नव्हती. खांद्याला खांदा लावून आम्ही तसेच बसलो, ती उठेपर्यंत. गोजराने चहा आणला आणि समोर ठेवून गेली. दोघांचे हात अडकलेले, चहा गार झाला.

मूठ त्यांच्याच बाहीची धरली होती. माझा सदरा तिच्या जास्त जवळ होता.